दूध सुटावं कुणाच्या घड्याळानं?

(डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानमालेत दापोडी येथे दिलेलं व्याख्यान)



बाळाचं अंगावरचं दूध सोडवणं या विषयावर बोलेन, असं मी कळवलं तेव्हा संयोजकांपैकी एकजण फोनवर जरा घुटमळले. "मॅडम, विषय चांगला आहे, बायकाही येतील, पण व्याख्यानमाला बाबासाहेबांच्या नावाची आहे," म्हणाले. मी म्हटलं, म्हणूनच हा विषय घेतला.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात एका विधेयकावर चर्चा चालली होती. कारखान्यात राबणाऱ्या बाईला बाळंतपणात रजा आणि भत्ता मिळावा, एवढंच ते विधेयक. डॉ. आंबेडकर सदस्य होते आणि त्यांनी बाजू उचलून धरली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात देशाचं हित आहे, असं त्यांनी मांडलं. याचा बोजा सरकारनंही उचलावा. पण बायकांच्या श्रमावर ज्याचा फायदा होतो त्या मालकाला हात झटकता येणार नाहीत, हाही त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. देशातला तो या प्रकारचा पहिला कायदा. पुढं व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं त्यांच्याकडं आलं, तेव्हा १९४३ मध्ये त्यांनी खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही दुरुस्ती करून घेतली. तेव्हा आई, बाळ आणि कारखाना या तिघांचा हिशोब घरातल्या घरात मिटवायचा नसतो, हे बाबासाहेबांनी आपल्याला जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. मी त्या हिशोबातलं पुढचं पान वाचणार आहे.

मी मुलांची डॉक्टर. दापोडीत माझा दवाखाना आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला मध्ये उठून जायचं असेल तर चुकल्यासारखं वाटणार नाही. बाळाचं दूध बाळाच्या आणि आईच्या सोयीनं, हळूहळू सुटायला हवं. आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात ते कामाच्या पाळीनं सुटतं, आणि बहुतेकदा एका फटक्यात. यावर आयांना उपदेश करून काही होणार नाही. कामाच्या जवळ पाळणाघर हवं.

आता हे सविस्तर.

पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. सहा महिने पूर्ण झाले की तेवढ्यानं भागत नाही. आईच्या पोटातून बाळ लोहाचा जो साठा घेऊन आलेलं असतं तो साधारण तेव्हाच सरत येतो. बाळ मान धरायला लागलेलं असतं, आधार दिला की बसतं, आणि जिभेनं घास बाहेर ढकलायची त्याची खोड गेलेली असते. म्हणून सातव्या महिन्याच्या तोंडावर वरचं अन्न सुरू करायचं. इथं एक मोठा घोटाळा होतो. वरचं सुरू करायचं म्हणजे दूध बंद करायचं, असं घरोघर समजलं जातं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरच्या अन्नासोबत दूध दोन वर्षांपर्यंत आणि वाटलं तर त्याच्याही पुढं चालू ठेवावं. वर्षाचं होईपर्यंत बाळाच्या ऊर्जेचा निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा अंगावरच्या दुधातून येतो. दुसऱ्या वर्षातही साधारण एक तृतीयांश वाटा त्याचाच असतो. तेव्हा "आता तुझ्या दुधात काय उरलंय, नुसतं पाणी" असं सुनेला सांगणाऱ्या सासूबाई इथं असतील, तर त्यांनी कृपा करून हा आकडा लक्षात ठेवावा.

हे परदेशातून आलेलं शास्त्र आहे असंही कुणी समजू नये. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात बालकांवरचा भाग आहे. तिथं सांगितलंय की दात आले की बाळाला क्रमाक्रमानं अंगावरून सोडवावं आणि हलकं, अंगी लागणारं अन्न द्यावं. दूध सुटलेल्या बाळासाठी चारोळी, ज्येष्ठमध, साळीच्या लाह्या, मध आणि खडीसाखर यांचा छोटा लाडूही तिथं सांगितलाय. बाळाचं काहीतरी आवडतं सुटतंय तर त्याच्या बदल्यात तोंड गोड करावं, एवढा विचार त्या वैद्यानं केलाय. आता आम्ही वर्षाच्या आत मध देऊ नका म्हणतो, कारण त्यातून क्वचित गंभीर विषबाधा होते. ती एक गोष्ट सोडा. बाकी "क्रमाक्रमानं" हा सल्ला आजही मी चिठ्ठीवर लिहून देते.

आपल्याकडं सुरुवात मोठ्या थाटात होते. उष्टावणाला मामा येतो, बाळाला मांडीवर घेतो, चांदीच्या वाटीतली खीर बोटानं चाटवतो, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी त्या वाटीत काय पडायचं हे मात्र कुणी ठरवलेलं नसतं. खरं तर फार काही लागत नाही. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वरून चमचाभर तूप. नाचणीचं सत्त्व. कुस्करलेलं केळं. उकडलेलं रताळं. अंडं चालत असेल त्या घरात उकडलेलं अंडं. पहिले काही दिवस दोन-तीन चमचे, मग सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. पातळ पेज पाजून पोट भरतं, अंग भरत नाही. चमचा तिरका केल्यावर अन्न घरंगळायला नको, इतपत दाट हवं. हे सगळं सोपं आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत काय दिसलं? सहा महिन्यांच्या आतल्या ६३.७ टक्के बाळांना फक्त अंगावरचं दूध मिळत होतं. आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार मिळणारी बाळं होती ११.३ टक्के. पहिली परीक्षा निम्म्याहून जास्त मुलं पास होतात आणि दुसऱ्या परीक्षेत दहातली नऊ नापास. इतक्या आया एकाएकी निष्काळजी झाल्या, हे मला पटत नाही. सहाव्या महिन्यानंतर घरात काय बदलतं ते पाहायला हवं.

त्याआधी दूध सुटतं कसं, हे सांगते. दूध हे मागणीवर बनतं. छाती रिकामी झाली की नवं दूध तयार होतं. भरलेली राहिली की त्याच दुधातले घटक पुढचं दूध बनणं मंद करतात. म्हणून एकेक वेळ कमी करत गेलं की शरीर आपोआप समजून घेतं. आधी दुपारची एक वेळ सोडावी, त्या वेळी बाळाला खायला द्यावं, खेळवावं. चार-आठ दिवस जाऊ द्यावेत. मग दुसरी वेळ. झोपतानाचं आणि पहाटेचं दूध सगळ्यात शेवटी सोडावं, कारण त्या वेळी बाळाला पोटापेक्षा कुशीची भूक जास्त असते. मध्येच बाळ आजारी पडलं, दात येऊ लागले, घर बदललं, तर घाई थांबवावी. कुणाचं दीड वर्षात सुटतं, कुणाचं अडीच. कितीतरी बाळं एक दिवस आपणहूनच पाठ फिरवतात आणि आईलाच चुटपुट लागते.

एका फटक्यात तोडलं तर काय होतं? दूध दाटतं, गाठी होतात, छाती दगडासारखी होते, ठणका लागतो, थंडी वाजून ताप भरतो. आणि बाळ दोन-दोन रात्री रडून घर डोक्यावर घेतं. घरोघरी जे उपाय चालतात ते बहुतेक एका फटक्याचेच. कडुलिंबाचा पाला वाटून लावायचा, कोरफडीचा चीक लावायचा, लाल कुंकू लावून "बाऊ झाला" म्हणायचं. दूध आटावं म्हणून छातीवर मोगऱ्याची फुलं बांधायची. मोगऱ्याला मी हसत नाही. दक्षिणेतल्या डॉक्टरांनी मोगऱ्याचा हा उपाय औषधासोबत ताडून पाहिलाय आणि त्याचा गुण येतो असं त्यांना दिसलंय. पण बाळाला त्या फुलांचं काय? त्याला एवढंच कळतं की काल होतं ते आज नाही. सगळ्यात मोठा फटका म्हणजे आईला माहेरी आणि बाळाला आजीकडं ठेवणं. आपल्या भागात याचंच उलटं रूप दिसतं. बाळाला गावी पाठवतात. लातूर, धाराशिव, सोलापूर, बुलढाणा इकडून इथं आलेली जोडपी आहेत. खोली दहा बाय बाराची, दोघंही कामाला. रजा संपायला आली की गावाहून आजी येते आणि आठ दिवसांनी बाळाला घेऊन एसटीत बसते. आईचं दूध त्या दिवशी तुटतं. बाळ चार-सहा महिन्यांचं असतं.

हे असं का होतं, ते पाहायला एका आईचा दिवस बघू. दापोडीतल्या, फुगेवाडीतल्या, कासारवाडीतल्या कुठल्याही आईचा असू शकेल. काम चाकणच्या कंपनीत, ठेकेदारामार्फत. पहिली पाळी. पहाटे साडेपाचला मेन रोडला कंपनीची बस. त्याआधी उठून तिनं बाळाला झोपेतच पाजलेलं असतं, डबे भरलेले असतात. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण. लाइनवर उभं राहून काम. नऊ-साडेनऊपर्यंत छाती भरून येते. दहाला शेजारच्या लाइनवरची कुणी पोराबाळांचं बोलली तरी पान्हा फुटतो आणि ॲप्रनखाली दोन ओले डाग पडतात. चहाच्या सुट्टीत ती स्वच्छतागृहात जाते, बेसिनवर वाकून दूध पिळून टाकते, नळ सोडते. ते दूध स्वच्छ डब्यात काढून थंड जागी ठेवलं असतं तर बाळाला देता आलं असतं. साध्या तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस ते टिकतं. पण डबा ठेवायला जागा नाही, दार लावून बसायला खोली नाही, आणि सुपरवायझरला सांगायचं कसं? परतीच्या बसला मोशीत तासभर ट्रॅफिक. ती घरी पोचते तेव्हा बाळाला पाहून साडेदहा-अकरा तास झालेले असतात.

आणि मग रात्र. बाळ तिला सोडत नाही. दर दीड-दोन तासांनी उठतं, पितं, पुन्हा चिकटून झोपतं. पंधरा दिवसांत ती माझ्यासमोर येऊन बसते. डोळ्यांखाली काळं. "डॉक्टर, गोळी द्या, दूध बंद करायचं. रात्रभर झोप नाही, मशीनवर डुलकी लागते." तिला मी सांगते की बाळ हट्टी नाही, ते दिवसभराची थकबाकी रात्री वसूल करतंय. तिला पटतं. पण पटून तिची झोप होत नाही, आणि मशीनवर डुलकी लागली तर बोट जातं. "दोन वर्षं पाजा" हे वाक्य अशा वेळी माझ्या तोंडून निघत नाही. ज्या आईनं या कारणानं दूध बंद केलं तिला कुणी नावं ठेवू नयेत. डब्याचं दूध द्यावं लागलं तर ते मापात कालवावं, पुरवून पुरवून पातळ करू नये, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्यानं किंवा आपल्या जुन्या बोंडल्यानं पाजावं, एवढंच मी सांगते. बाटली धुवायला उकळतं पाणी आणि वेळ लागतो. तिच्याकडं दोन्हीची टंचाई असते.

दिवसभर बाळ कुणाकडं असतं? म्हातारी सासू असेल तर नशीब. नाहीतर शेजारीण, महिन्याला ठरवलेल्या पैशांवर. ती चार पोरं सांभाळते. नऊ महिन्यांच्या बाळाला खिचडी भरवायला अर्धा तास लागतो, थुंकतं, तोंड फिरवतं. चहात बुडवलेलं बिस्किट दोन मिनिटांत जातं. पाच रुपयांचा पुडा दिवसभर पुरतो. चहानं भूक मरते आणि अन्नातलं लोह अंगी लागत नाही. वर्षाचं होईपर्यंत बाळ फिकट पडतं आणि वजन तिथंच थांबलेलं असतं. त्या शेजारणीला दोष द्यावा असंही मला वाटत नाही. तिला कुणी शिकवलेलं नाही, आणि मिळतात त्या पैशांत ती करते ते काही थोडं नाही.

मुंबईच्या गिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी हेच चाललं होतं, फक्त बिस्किटाच्या जागी अफू होती. डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरबाईंनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला गिरणी कामगार बायकांची पाहणी केली. बहुतेक बाळांना दिवसभर झोपवून ठेवायला अफूची गोळी दिली जात होती, असं त्यात आढळलं. बाजारात तिला 'बाळागोळी' म्हणत. आई सकाळी गिरणीत जाण्याआधी पाजायची आणि संध्याकाळी आल्यावर. मधल्या वेळी बाळ गुंगीत. त्या आया क्रूर नव्हत्या. गिरणीचा भोंगा झाला की दार बंद व्हायचं आणि रोज बुडायचा. मुंबईत प्रसूती लाभाचं विधेयक चर्चेला आलं, त्याच्या काही वर्षं आधीचं हे. बाबासाहेब कुणासाठी बोलत होते, ते यावरून कळावं.

आज कायदा काय म्हणतो? १९६१ चा प्रसूती लाभ कायदा २०१७ मध्ये सुधारला आणि रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पहिल्या दोन बाळांसाठी. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळात पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या, जेवणाच्या सुट्टीशिवाय. जिथं पन्नास किंवा जास्त माणसं काम करतात तिथं पाळणाघर, आणि दिवसातून चार वेळा आईला बाळाकडं जाऊ देणं. पूर्वी फॅक्टरी ॲक्टमध्ये पाळणाघरासाठी फक्त बायका मोजत. २०१७ च्या दुरुस्तीनं पुरुषही मोजायला लावले, ही मोठी गोष्ट झाली, कारण बाळ बापाचंही असतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आल्या आहेत. कागदावर वाचलं तर छाती फुगावी असं आहे.

आता जरा हाताच्या बोटांवर हिशोब करू. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दिवस भरत आल्यावर चाकणच्या बसमध्ये उभं राहवत नाही, म्हणून बाई ते घेते. उरले अठरा. म्हणजे आई कामावर हजर होते तेव्हा बाळ चार महिन्यांचं असतं. ज्या सहा महिन्यांत पाणीसुद्धा द्यायचं नाही ते पुरे व्हायला अजून दोन महिने बाकी असतात. आठवडे वाचवून ठेवले तरी रजा नेमकी कधी संपते? सहा महिने झाले त्या दिवशी. वरच्या अन्नाचा पहिला चमचा ज्या आठवड्यात भरवायचा त्याच आठवड्यात आई बसमध्ये बसते. दूध सुटण्याचं दीड वर्षाचं काम जिथं सुरू होतं तिथं कायद्यातली रजा संपते. पुढचं सगळं पाळणाघरावर आणि त्या दोन सुट्ट्यांवर टाकलेलं आहे.

आणि ते दोन्ही इथं क्वचित दिसतं. बाळ दापोडीत आणि आई चाकणमध्ये असेल तर पाजण्याच्या सुट्टीत ती कुठं जाणार? पाळणाघर नसेल तर ती सुट्टी नावापुरतीच राहते. भोसरीतल्या कितीतरी लहान वर्कशॉपमध्ये पन्नास माणसं नसतातच. ठेक्यावरच्या बाईला मध्ये ब्रेक दिला की सेवेचे दिवस तुटतात, आणि हक्कासाठी बाळंतपणाआधीच्या वर्षात ऐंशी दिवस काम झालेलं असावं लागतं. औंध-सांगवीत धुणीभांडी करणारी, बांधकामावर पाट्या उचलणारी, रस्ता झाडणारी ठेक्यावरची बाई, यांच्यापर्यंत हा कायदा एकतर येत नाही किंवा येईपर्यंत बाळ चालायला लागतं. असंघटित क्षेत्रातल्या आईसाठी मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला पाच हजार रुपये मिळतात. तेवढ्यात किती महिने घरी बसता येईल, हे तुम्हीच ठरवा.

दापोडीत हा विषय निघाला की हिरकणीची आठवण निघायलाच हवी. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आपल्या गावात आहे. इथं गाड्यांचे सांगाडे बांधले जातात, इथल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. एसटीच्या निमआराम गाडीचं नाव हिरकणी. एसटी स्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत आईनं बाळाला पाजावं म्हणून केलेल्या खोलीचं नावही हिरकणी कक्ष. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रायगडावर कोजागिरीला दूध घालायला गेलेली गवळण, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, आणि खाली घरी तान्हं बाळ. ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. आपण तिच्या धाडसाला हात जोडतो. जोडावेतच. पण मला दर वेळी एक गोष्ट खटकते. बुरूज बांधल्यावर तिथून पुन्हा कुणी आई उतरू शकणार नव्हती, आणि दरवाजाच्या वेळेबद्दल गोष्टीत पुढं काही येत नाही. गडाला शत्रूची भीती होती, म्हणून ते योग्यच होतं. कारखान्याला तान्ह्या बाळाची कसली भीती? आपण मात्र आईचा सत्कार करायचा आणि दार बंदच ठेवायचं, ही रीत चालू ठेवलीय. मातृदिनाला गुलाब देणाऱ्या कंपन्या मी पाहिल्यात.

स्थानकावरचा हिरकणी कक्ष प्रवासातल्या आईसाठी आहे. रोज अकरा तास घराबाहेर असणाऱ्या आईला तो कामाच्या जागी हवा. आणि खोलीसोबत बाळही जवळ हवं. इथं सगळ्यात मोठं भगदाड आहे. सहा महिन्यांपर्यंत बाळ रजेच्या हवाली. तीन वर्षांपासून ते अंगणवाडीत बसतं. मधली अडीच वर्षं, जेव्हा दूध सुटतं आणि अन्न जडतं, तेव्हा ते कुणाच्या हवाली? अंगणवाडीतून या वयाला घरी नेण्याचा आहार मिळतो. पण तो शिजवून, बसून, चमच्यानं भरवायला माणूस कुठाय?

हे जमतं, याचे दाखले आहेत. १९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चाललं होतं. मजूर बायकांची पोरं मातीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तिथंच तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून उभ्या राहिलेल्या मोबाईल क्रेशेस या संस्थेचं काम पुण्यात आलं आणि आज तारा मोबाईल क्रेशेस या नावानं पुणे-पिंपरी चिंचवडमधल्या बांधकामांवर चालतं. इमारत उभी राहते तिथंच एका खोलीत पोरं. आई मध्येच येऊन पाजून जाते. धूळ, सिमेंट, सतत बदलती जागा असलेल्या बांधकामावर जे जमतं, ते फरशी घातलेल्या, एसी लावलेल्या कंपनीत जमत नाही, हे मी मान्य करणार नाही. केंद्र सरकारच्या पाळणा योजनेतही अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढता येतं. सहा महिने ते सहा वर्षांची पंचवीस मुलं, दिवसाला साडेसात तास. पण चाकणची पाळी आणि प्रवास मिळून अकरा तास होतात. तेव्हा आपल्या भागात वेळ पाळीप्रमाणे लांबवावी लागेल, हे महापालिकेला सांगावं लागेल.

आणखी एक कायदा आपल्याला हात देतो. १९९१ मध्ये वर्ध्यात स्तनपानाच्या बाजूनं काम करणारं बीपीएनआय हे राष्ट्रीय जाळं सुरू झालं, आणि १९९२ मध्ये डब्याचं दूध आणि बाटल्यांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा आला. २००३ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अन्नाचाही प्रचार बंद झाला. म्हणून आज टीव्हीवर बाटलीचं गुटगुटीत बाळ दिसत नाही. म्हणजे बाजाराला आपण आवर घालू शकलो. कामाच्या वेळेला आवर घालणं अजून बाकी आहे.

शेवटी, जे आपल्या हातात आहे ते सांगते. घरातल्या पुरुषांनी सातव्या महिन्यापासून दिवसातली एक खिचडी स्वतः शिजवून भरवावी. तिसऱ्या दिवशी जमायला लागतं. आज्यांनी बाळाला एकदम गावी नेऊ नये. न्यायचंच असेल तर महिनाभर आधी येऊन एकेक वेळ कमी करायला हातभार लावावा. चार पोरं सांभाळणाऱ्या बायकांसाठी मी दर महिन्याला दवाखान्यात दोन तास द्यायला तयार आहे. बाळाला काय, किती आणि कसं भरवायचं ते शिकवीन. वस्तीतल्या मंडळांनी त्यांना माझ्याकडं पाठवावं. महापालिकेनं दापोडी, फुगेवाडी, कासारवाडीत पाळीच्या वेळा धरून पाळणाघरं काढावीत. यासाठी प्रभागाच्या बैठकीत लेखी मागणी द्यावी लागते आणि त्या अर्जावर आज इथं बसलेल्या सगळ्यांच्या सह्या घेता येतील.

आणि युनियनच्या लोकांना एक विनंती. पगारवाढीच्या करारात या वर्षी एक ओळ घाला: पाळणाघर आणि पाजण्याच्या दोन सुट्ट्या, कायम आणि ठेक्यावरच्या बायकांना सारख्याच. तुमच्या कंपनीत पन्नास माणसं असतील, तर हे कायद्यानंच मिळायचं आहे. उद्या कामावर गेल्यावर एचआरला एवढंच विचारा की आपलं पाळणाघर कुठल्या खोलीत आहे. उत्तर काय मिळालं ते मला येऊन सांगा, आणि लेखी घेऊन या.